कोरफडीची पानं सुरकुतलीत, पण माती तर ओलीच आहे. पाणी कमी की जास्त?

पानफुटी:
नमस्कार मंडळी. कोरफडीबद्दल विचारायचंय. आधीचे धागे चाळले पण माझ्या केसशी जुळेल असं सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय. झाड घरात खिडकीपाशी आहे, नर्सरीतून आणलं तेव्हा पानं मस्त फुगीर, ताठ, हिरवीगार होती. आता पातळ झालीत, कडा आत वळल्यात आणि उभ्या सुरकुत्या पडल्यात. बोटाने दाबलं तर लिबलिबीत नाही पण नरम लागतात. खालच्या एक-दोन पानांची टोकं तपकिरी झालीयेत. तहानली असेल असं वाटून पाणी वाढवलं तर आणखीच मलूल झाली, मग पाणी बंद करून बघितलं तरी काही फरक नाही. आणि खरी गोंधळाची गोष्ट म्हणजे वरून माती कोरडी ठणठणीत दिसते पण लाकडी काडी खुपसली की आत ओल लागते. म्हणजे पाणी आहे तरी झाड तहानलेलं? घरात एक जण म्हणतो पाणी जास्त झालं, दुसरा म्हणतो कमी पडलं, आणि दोघंही एकदम ठाम. जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो चढत नाहीयेत, नंतर परत प्रयत्न करते.

तिसरा_मजला:
सरळ आहे, पाणी कमी पडतंय. कोरफडीचं पान म्हणजे तिचा पाण्याचा साठा, ते पातळ झालं म्हणजे साठा संपत आलाय. एकदा तळाच्या भोकातून वाहेपर्यंत भरपूर पाणी घाला, दोन-तीन दिवसात पानं परत फुगतात. जास्त विचार करू नका.

रानवेडा:
ताई थांबा, अजून पाणी घालू नका प्लीज!!

तिसरा_मजला, तुमचं म्हणणं कोरड्या मातीला शंभर टक्के लागू आहे. माती तळापर्यंत कोरडी आणि पानं सुरकुतलेली असतील तर ती तहान, पाणी घातलं की विषय संपला. पण इथे माती ओली आहे. ओल्या मातीत बसून कोरफड सुरकुततेय याचा अर्थ पाणी आहे पण ते वर ओढायला मुळंच राहिलेली नाहीत. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, आणि अशा वेळी पिथियम, फ्युझेरियमसारख्या मुळं कुजवणाऱ्या रोगजंतूंना आयतं रान मिळतं. मुळं कुजली की झाड पानातला साठा वापरून दिवस काढतं, आणि बाहेरून आपल्याला दिसतं काय तर तहानेचीच लक्षणं. मग माणूस पाणी वाढवतो, उरलीसुरली मुळंही जातात. त्यामुळे तुमच्या घरातले दोघंही बरोबर आहेत खरं तर, झाडाला पाणी कमी पडतंय आणि कुंडीत पाणी जास्त झालंय.

काही गोष्टी सांगा म्हणजे नीट अंदाज येईल:
कुंडी कसली आहे, प्लास्टिकची की मातीची, आणि तळाला भोक आहे का?
आणल्यावर कुंडी बदललीत का नर्सरीचीच माती आहे अजून?
झाड बुंध्यापाशी धरून हलकेच हलवलं तर डुगडुगतं का?
बुंध्याचा खालचा भाग दाबून बघा, कडक आहे का मऊ? वास येतो का?

पानफुटी:
बापरे, असंही असतं होय. सांगते.
नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी तशीच आहे, तिला भोकं आहेत. ती तशीच उचलून एका शोभेच्या सिरॅमिक कुंडीत ठेवलीय, त्या बाहेरच्या कुंडीला भोक नाही. तुमचा प्रतिसाद वाचून आतली कुंडी उचलून बघितली तर खाली बोटभर पाणी साचलेलं आहे. माती नर्सरीचीच, काळपट-तपकिरी, तंतू असलेली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असावं. डुगडुगतं, हो, बऱ्यापैकी. बुंधा कडक लागतोय, वास नाही.

रानवेडा:
चोर सापडला मग. बाहेरच्या कुंडीत साचलेलं पाणी आतलं कोकोपीट खालून शोषत राहतं आणि मधला गोळा कायम ओला राहतो. वरचा थर मात्र हवेने सुकतो म्हणून आपण फसतो. बोट खुपसून बघायची जी पद्धत सगळे सांगतात ती याच कारणाने कोरफडीला पुरत नाही, बोट जेमतेम वरच्या दोन इंचात जातं आणि सगळा घोळ तळाशी असतो. काडी थेट तळापर्यंत घालून थोडा वेळ ठेवायची, बाहेर काढल्यावर ओली किंवा माती चिकटलेली दिसली तर पाणी नाही. नाहीतर सरळ कुंडी उचलून वजन बघायचं, एकदोनदा केलं की हाताला आपोआप कळायला लागतं. मी तर आता काडी वगैरे काही घालतच नाही, नुसता उचलतो.

बुंधा कडक आहे आणि वास नाही ही चांगली बातमी आहे. बुंधा मऊ झाला असता तर अवघड होतं. आज-उद्या झाड बाहेर काढा, मुळं बघा आणि इथे सांगा.

खुरपी_आणि_मी:
रानवेडांशी सहमत. काढताना पानं धरून ओढू नकोस गं, तुटतात. कुंडी आडवी कर, प्लास्टिकची आहे तर बाजूने दाबून माती सैल कर आणि बुंध्याला धरून काढ. सगळी जुनी माती झटकून टाक, गरज पडली तर धुवून टाक, काही होत नाही. मग मुळं बघायची. जिवंत मूळ जाडसर, कडक, फिकट पिवळसर किंवा पांढरट असतं. मेलेलं मूळ काळं-तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा राहतो. असं जे जे असेल ते सगळं कापून टाक, दयामाया नको. कात्री आधी स्पिरीटने पुसून घे, आणि सडका भाग कापल्यावर चांगल्या भागाला लावायच्या आधी परत पूस.

बुंधा कापावा लागला तर कापलेल्या जागी आतला रंग बघायचा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर अजून वर काप, स्वच्छ फिकट रंग येईपर्यंत.

नंतर लगेच लावायचं नाही! लगेच लावून पाणी घालणारे खूप पाहिलेत. सावलीत, हवेशीर जागी, कागदावर आडवं ठेवून दे, जखमा सुकून त्यावर पापुद्रा धरेपर्यंत. नुसती मुळंच छाटली असतील तर तीन-चार दिवस, बुंधा कापला असेल तर आठवडाभर. झाड मरेल अशी भीती वाटते, पण पानात साठा आहे तोवर कोरफड मातीविना आरामात काही आठवडे काढते.

हिरवा_उंबरठा:
वाचतेय. माझ्याही कोरफडीचं असंच चाललंय पण माझी पानं सुरकुतलेली नाहीत, उलट लांबच लांब, फिकट झालीत आणि चहूबाजूंनी खाली लोळतायत. माती व्यवस्थित सुकू देते मी. तेही मुळांचंच का?

पानफुटीताई, तुमच्या धाग्यात घुसल्याबद्दल सॉरी.

रानवेडा:
नाही, तो उजेडाचा प्रॉब्लेम. उजेड कमी पडला की कोरफड प्रकाश शोधत पानं लांबवते, पान अरुंद, फिकट आणि मऊ होतं आणि स्वतःचं वजन पेलवत नाही म्हणून लोळतं. कोरफड मुळात अरबस्तानच्या कोरड्या डोंगराळ भागातली, खोलीच्या कोपऱ्यात ती जगते पण वाढत नाही. खिडकीच्या अगदी जवळ, दिवसाचे सहाएक तास चांगला उजेड आणि त्यात थोडं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम.

पण एकदम नेऊन कडक उन्हात ठेवू नका हं. आतल्या सावलीची सवय झालेलं झाड एका दिवसात भाजतं. दहा-पंधरा दिवसांत हळूहळू ऊन वाढवायचं. पानं लालसर-तपकिरी झाली तर घाबरू नका, जास्त उन्हात झाड स्वतःच्या बचावासाठी तो रंग धरतं, थोडी सावली मिळाली की परत हिरवं होतं. पांढुरके किंवा करडे कोरडे डाग पडले तर मात्र ते भाजलेलं, तो डाग जात नाही, नवीन पानं चांगली येतात एवढंच. आणि लोळलेली पानं परत उभी राहणार नाहीत, काठ्या-बिठ्या बांधत बसू नका, मधून येणारी नवीन पानं कशी येतायत ते बघायचं.

उजेड आणि पाणी एकमेकांत गुंतलेलं आहे हेही लक्षात घ्या. कमी उजेडात झाड पाणी कमी पितं, माती सुकायला वेळ लागतो, आणि मग तेच पाण्याचं वेळापत्रक जे बाहेर चाललं असतं ते आत मुळं कुजवतं. म्हणून "दर रविवारी पाणी" वगैरे नियम कोणी सांगितला तर ऐकून सोडून द्यायचा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी लागेल, थंडीत किंवा दमट हवेत महिना-दीड महिनाही लागणार नाही. माती तळापर्यंत सुकली की भरपूर, खालून वाहेपर्यंत, मग परत पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. रोज चमचाभर पाणी ही सगळ्यात वाईट पद्धत.

हिरवा_उंबरठा:
धन्यवाद! चमचाभरवाले आमच्याकडे आहेत, त्यांना हा धागा वाचायला देते 😀

अवांतर: कोरफड बेडरूममध्ये ठेवली तर रात्रभर ऑक्सिजन देते म्हणतात, म्हणून कोपऱ्यात पलंगाशेजारी ठेवली होती. ते खरं का?

रानवेडा:
अर्ध्या माहितीचा परिणाम आहे तो. खरी गोष्ट अशी की कोरफड पानांवरची छिद्रं रात्री उघडते, दिवसा उघडली तर कोरड्या हवेत पाणी उडून जाईल म्हणून. रात्री कार्बन डायॉक्साइड आत घेऊन मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून, उजेड वापरून त्याची साखर करते. कॅम पद्धत म्हणतात याला, निवडुंग आणि अननसही हेच करतात. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. अंधारात तिचं आपल्यासारखंच श्वसन चालू असतं. थोडक्यात पलंगाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ना तिचा फायदा ना तुमचा.

तिसरा_मजला:
बरं, पाण्याबाबत मी मागे घेतो, ओल्या मातीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मग निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर घालायला सांगा ना त्यांना. तो घातला की पाणी मुळांपासून लांब राहतं.

खुरपी_आणि_मी:
हा थर सगळेच घालतात आणि त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच उतरतं. म्हणजे ओल्या मातीचा जो पट्टा कुंडीच्या तळाशी राहिला असता तो खडीच्या वर येऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. पटत नसेल तर भिजलेला स्पंज खडीवर ठेवून बघ, पाणी गळून जात नाही. भोकातून माती वाहू नये म्हणून खापराचा एखादा तुकडा किंवा जाळी, बास.

खडी घालायचीच असेल तर मातीत मिसळ. कोरफडीला साधारण अर्धी नेहमीची कुंडीची माती आणि अर्धं भरड काहीतरी लागतं, जाड वाळू, परलाइट किंवा प्युमिस (हलके सच्छिद्र खडे), बारीक चुरलेल्या विटा, जे मिळेल ते. वाळू जाडच हवी, मैद्यासारखी बारीक वाळू उलट माती घट्ट करते. समुद्रावरची तर नकोच, मीठ असतं. खताचं म्हणशील तर मूठभर जुनं गांडूळखत पुरे, आणि मुळं छाटलेल्या झाडाला तेही नको सध्या.

कुंडी मातीची घे, तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. आकार मुळांच्या गोळ्यापेक्षा दोनेक बोटं मोठा, जास्त नाही. झाड मोठं होईल म्हणून आत्ताच मोठी कुंडी घेतली की जेवढ्या मातीत मुळं पोचत नाहीत ती सगळी माती ओली पडून राहते आणि आपण परत पहिल्या पानावर. कोरफडीची मुळं उथळ पसरतात, त्यामुळे खोल कुंडीपेक्षा पसरट बरी.

पानफुटी:
मंडळी, झाड काढलं. तुम्ही म्हणालात तस्संच, निम्म्याहून जास्त मुळं काळी, ओढली की साल हातात येत होती. मधोमध कोकोपीटचा एक घट्ट गोळा होता जाळीच्या पिशवीत गुंडाळलेला, बहुतेक रोप लहान असताना त्यात लावलेलं आणि तसंच कुंडीत ठेवून दिलेलं. तो चिंब होता. सगळं कापलं, चार-पाच चांगली मुळं उरली. बुंधा स्वच्छ आहे. आता कागदावर आडवं ठेवलंय.

एक प्रश्न, तपकिरी टोकांची खालची पानं कापू का? आणि एक पान काढताना मोडलंच शेवटी, ते मातीत लावलं तर नवीन झाड येईल ना?

खुरपी_आणि_मी:
जाळीची पिशवी, हो, हल्ली बऱ्याच रोपांना असते. नवीन झाड आणलं की काढून बघायलाच हवं.

खालची पानं राहू दे. मुळं नाहीत तोवर झाड त्याच पानांमधलं पाणी आणि अन्न खाणार आहे. पूर्ण सुकली की आपोआप सुटतात. लिबलिबीत, पाण्यासारखं पारदर्शक झालेलं पान असेल तर तेवढं काढ.

मोडलेल्या पानापासून झाड येत नाही. इंटरनेटवर हजार व्हिडिओ आहेत, पान मातीत खोचलं आणि महिन्यात झाड, त्यावर जाऊ नकोस. काही रसाळ झाडांची पानं लावून येतात, कोरफडीचं पान मातीत सडतं. तिच्यापासून नवीन झाड हवं तर बाजूला येणारी पिल्लं नाहीतर बुंध्याचा तुकडा असलेला शेंडा.

हिरवा_उंबरठा:
मोडलेल्या पानाचा गर वापरा की मग!

रानवेडा:
वापरा, पण आधी पान कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. हिरव्या सालीच्या लगेच आत जो पिवळा चीक असतो तो निथळून जाऊ द्यायचा, मग साल काढून आतला पारदर्शक गर. त्या चिकात ॲलोइन असतं, जबरदस्त जुलाब करणारं. पूर्वी औषधात वापरायचे, अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २००२ मध्ये विनाचिठ्ठी मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांमधून ते काढायला लावलं. कातडीलाही काहींना त्याने खाज सुटते, म्हणून गरसुद्धा आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. पोटात घ्यायचं म्हणाल तर मी घरच्या कुंडीतलं पान खायचा सल्ला कोणाला देणार नाही, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर अजिबात नाही.

आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कोरफड त्यांच्या तोंडापासून लांब. पान चघळलं की उलट्या-जुलाब होतात त्यांना.

पानफुटी:
मांजर आहे!! बरं झालं सांगितलंत. अजून तरी तिने ढुंकून बघितलेलं नाही. तरी वरच्या फळीवर हलवते, तिथेही खिडकी आहे.

(काही दिवसांनंतर)

पानफुटी:
अपडेट. कापलेल्या जागा सुकल्या, मातीच्या कुंडीत लावलं, अर्धी माती अर्धी जाड वाळू. अजून पाणी घातलेलं नाही. पानं आहेत तशीच सुरकुतलेली आहेत त्यामुळे हात शिवशिवतायत. किती थांबू? आणि पानांच्या बेचक्यात आता कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय, ते काय?

तिसरा_मजला:
पांढरं म्हणजे मिलीबग, रस शोषणारी कीड, यात मी एक्स्पर्ट आहे दुर्दैवाने. कापसाच्या काडीला स्पिरीट लावून एकेक पुसून काढायचे, सत्तर टक्केवालं आयसोप्रोपिल चालतं. आठ-दहा दिवसांनी परत बघायचं कारण अंडी राहतात, असं तीनचार वेळा केलं की जातात. शेजारी दुसरी झाडं असतील तर तीही तपासा आणि ही कुंडी तोवर वेगळी ठेवा. मुळांजवळही असतात कधीकधी.

रानवेडा:
पाण्याचं, लावल्यापासून आठवडाभर तरी थांबा, नंतर कडेकडेने थोडंसं. माती थोडी ओलसर लागली की झाड मुळं शोधायला बाहेर काढतं, चिखल झाला की परत सडतं. दोन-तीन आठवड्यांनी झाड बुंध्याला धरून अगदी हलकं वर ओढून बघा. अडल्यासारखं लागलं तर मुळं धरली, मग नेहमीसारखं भरपूर घालून पूर्ण सुकवायचं चक्र सुरू करा. सहज वर येत असेल तर अजून थांबा. पानं फुगायला मुळं धरल्यानंतरही वेळ लागतो, रोज बघत बसू नका. आणि तोवर कडक ऊन नको, स्वच्छ उजेड पुरे.

पानफुटी:
ठीक, हात मागे बांधून बसते. स्पिरीटचं आजच करते, तिसरा_मजला धन्यवाद.

अजून एक, मातीतून काढताना बुंध्याला चिकटलेलं एक बारकं पिल्लू दिसलं होतं, बोटाएवढं. ते मी तसंच ठेवलं. वेगळं करायला हवं होतं का?

खुरपी_आणि_मी:
बरं केलंस ठेवलंस ते. एवढ्या बारक्याला स्वतःची मुळं नसतात, आईच्या जिवावर असतं. वीतभर होऊन त्याला चार-पाच पानं आणि खाली स्वतःची मुळं आली की वेगळं करायचं, धारदार सुरीने जोडाच्या जागी कापून, आणि तेही दोन-तीन दिवस सुकवून मग लावायचं. त्याच्यावर पांढरे ठिपके असतील तर तो रोग समजू नकोस हं, लहानपणी असतात, बऱ्याच झाडांचे पुढे जातात. आणि मिलीबग त्या पिल्लाच्या बेचक्यात आधी बघ, त्यांना कोवळं आवडतं.